नॉर्वेतून पोलंडच्या डोंगरावर गेलेलं व्हांगचं लाकडी चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची सहल आखणारे, वास्तुकला शिकणारे, आणि कुठेतरी फोटो पाहून "हे खरंच आठशे वर्षांचं आहे का?" असं विचारणारे, अशा तीन तऱ्हेच्या वाचकांकडून व्हांगच्या चर्चबद्दल प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा द्यायला नकोत म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. "यात मूळ किती आणि नवं किती" एवढंच ज्यांना हवं आहे त्यांनी सरळ प्रश्न ८ गाठावा. खरा वाद तिथेच आहे.

१. हे चर्च नेमकं कुठे आहे? काही ठिकाणी नॉर्वे लिहिलेलं असतं, काही ठिकाणी जर्मनी, काही ठिकाणी पोलंड.

आज ते पोलंडमध्ये आहे. देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, झेक सीमेला लागून कार्कोनोशे पर्वताची रांग आहे. तिच्या उतारावर कार्पाच नावाचं थंड हवेचं गाव आहे आणि त्या गावाच्या वरच्या भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८८५ मीटरवर हे चर्च आहे. बांधलं गेलं मात्र नॉर्वेच्या व्हाल्द्रेस खोऱ्यातल्या व्हांग गावात, इ.स. १२०० च्या आसपास. तिथे ते सहाशेहून अधिक वर्षं उभं होतं. १८४१ मध्ये उतरवलं गेलं आणि १८४४ मध्ये आजच्या जागी पुन्हा उघडलं.

त्या वेळी हा मुलूख प्रशियाच्या राज्यात होता, सायलेशिया प्रांतात, आणि गावाच्या या भागाचं नाव होतं ब्रुकेनबर्ग. म्हणून जुन्या जर्मन पुस्तकांत ब्रुकेनबर्ग, पोलिश पाट्यांवर कार्पाच आणि नॉर्वेजियन लेखांत व्हांग अशी नावं दिसतात. इमारत एकच.

२. "स्टेव्ह चर्च" म्हणजे काय? कुठलंही लाकडी चर्च म्हणजे स्टेव्ह चर्च का?

नाही. फरक बांधणीत आहे. पूर्व युरोपातली बरीचशी लाकडी चर्च आडवे ओंडके एकावर एक रचून बांधलेली आहेत. स्टेव्ह चर्चमध्ये सगळं उभं असतं: उभे खांब आणि त्यांच्यामध्ये उभ्या फळ्या.

रचना पायापासून समजून घेतली तर सोपी जाते. जमिनीवर आधी दगडांची बैठक. तिच्यावर चार जाडजूड तुळया आडव्या टाकायच्या, कोपऱ्यांवर एकमेकींना छेदून थोड्या पुढे जातील अशा. या चौकटीच्या कोपऱ्यांवर गोल खांब बसवायचे. मग खालच्या तुळईला कोरलेल्या लांब खाचेत भिंतीच्या फळ्या एकेक करून उभ्या उतरवायच्या. प्रत्येक फळीची एक धार पुढच्या फळीच्या खाचेत सरकते. वरून दुसरी तुळई टोपीसारखी बसवली की भिंत तयार. मोठ्या चर्चमध्ये आतल्या बाजूला आणखी उंच खांबांची रांग असते आणि छताचा मधला भाग तिच्यावर उचललेला असतो. खांब हलू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचे तिरके आधार आणि कमानदार कोने घालतात. हे कोने झाडाचं मूळ जिथे बुंध्याला मिळतं त्या नैसर्गिक वळणातून कापलेले असतात. सरळ लाकडातून कमान कापली तर रेषा आडव्या तुटतात आणि भार आला की कोना चिरतो. वळणातून कापला तर रेषा कमानीबरोबर वळतात आणि कोना टिकतो.

यातली मोठी सुधारणा म्हणजे ती दगडी बैठक. त्याआधीच्या चर्चचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असत आणि बुडापाशी कुजत. आज त्यांचे फक्त खड्डे उत्खननात सापडतात. लाकूड मातीवरून उचललं गेलं आणि इमारत शतकानुशतकं टिकू लागली. जोडीला पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर भिंतींना आणि छताला ठराविक वर्षांनी चोपडावं लागतं. या चर्चचा काळपट रंग त्या डांबराचा आहे.

बाहेरून चारी बाजूंनी एक अरुंद, छपराखालचा मार्ग असतो. कोकणातल्या घराची पडवी डोळ्यांपुढे आणा, काम तेच: मुख्य भिंतीवर पाऊस आणि बर्फ थेट येऊ न देणं.

३. छतावर ड्रॅगनची तोंडं आहेत, म्हणजे हे व्हायकिंगांचं मंदिर होतं का?

नाही. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म रुजला तो साधारण इ.स. १००० नंतर. राजा ओलाव्ह स्तिक्लेस्तादच्या लढाईत १०३० मध्ये पडला आणि पुढे संत मानला गेला. व्हायकिंग काळ अकराव्या शतकातच संपला असं धरतात. हे चर्च त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बांधलेलं आहे, आणि पहिल्या दिवसापासून ख्रिस्ती चर्च म्हणूनच.

मात्र सुताराचा हात एका पिढीत बदलत नाही. जहाजांवर आणि घरांवर प्राणी कोरणाऱ्यांची परंपरा चर्चच्या दारांवरही चालू राहिली. छतावरच्या ड्रॅगनांबद्दल प्रश्न ८ वाचल्याशिवाय फार निष्कर्ष काढू नका.

४. सहाशे वर्षं टिकलेलं चर्च पाडायला का निघाले होते?

कारण गावाला ते पुरत नव्हतं. लोकसंख्या वाढली होती, इमारत लहान, अंधारी आणि मोडकळीला आलेली. गावाने नवं चर्च बांधायचं ठरवलं आणि जुन्याचं लाकूड विकून चार पैसे उभे करणं हा त्या काळचा सरधोपट मार्ग होता. आज वाचताना आपल्याला राग येतो, पण रविवारी बर्फातून चालत येऊन दाराबाहेर उभं राहावं लागणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवं.

व्हांग हे एकटं उदाहरण नाही. मध्ययुगात नॉर्वेत अशी हजाराच्या वर चर्च होती असा अंदाज आहे. १३४९ च्या प्लेगने खोरीच्या खोरी ओस पडली आणि अनेक चर्च बेवारस झाली. पुढे १८५१ च्या कायद्याने चर्चमध्ये परिसरातल्या निदान तीन दशांश लोकांना जागा हवी अशी अट घातली आणि उरलेल्या लहान चर्चवर गदा आली. आज नॉर्वेत २८ स्टेव्ह चर्च शिल्लक आहेत.

५. एका चित्रकाराने चर्च विकत घेतलं असं वाचलं. चित्रकाराला चर्च कशाला हवं?

योहान ख्रिश्चन डाल हे ते चित्रकार. जन्म बर्गनचा, १७८८ चा. नॉर्वेजियन निसर्गचित्रणाचे जनक मानले जातात, पण आयुष्य गेलं जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये, तिथल्या कला अकादमीत प्राध्यापक म्हणून. उन्हाळ्यात मायदेशी चित्रं काढायला जात आणि दर खेपेला एखादं जुनं चर्च नाहीसं झालेलं दिसे. १८३७ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या लाकडी वास्तूंवर चित्रांसह एक ग्रंथच काढला. युरोपातल्या अभ्यासकांना स्टेव्ह चर्चची नीट ओळख झाली ती त्यातून.

व्हांगचं चर्च विकलं जाणार हे कळल्यावर डाल यांनी आधी ते नॉर्वेतच कुठेतरी वाचावं म्हणून खटपट केली. ती फळली नाही. मग १८४१ मध्ये लिलावात ते घेतलं आणि प्रशियाचा राजा चौथा फ्रिडरिख विल्हेल्म याच्या गळी उतरवलं. राजा आदल्याच वर्षी गादीवर आला होता, त्याला जुन्या वास्तूंचं वेड होतं आणि इमारतींचे आराखडे तो स्वतः कागदावर रेखाटत बसे. डाल यांनी गिऱ्हाईक अचूक हेरलं होतं.

६. राजाने ते बर्लिनसाठी घेतलं होतं ना? मग डोंगरावर कसं पोचलं?

राजाचा पहिला बेत होता बर्लिन आणि पॉट्सडॅमच्या मधल्या हाफेल नदीतल्या मोरांच्या बेटावर ते उभं करायचा. राजघराण्याच्या बागेतली एक शोभेची वस्तू म्हणून. लाकडं बर्लिनला पोचली आणि १८४१-४२ चा हिवाळा राजेशाही संग्रहालयात, आज ज्याला जुनं संग्रहालय म्हणतात तिथे, पडून राहिली.

इथे काउंटेस फ्रिडरिके फॉन रेडेन यांचा प्रवेश होतो. कार्कोनोशेच्या पायथ्याशी बुखवाल्ड (आजचं बुकोविएत्स) इथे त्यांची जहागीर होती. विधवा, वयाने साठी ओलांडलेल्या, धर्मनिष्ठ, आणि राजदरबारी शब्दाला वजन असलेल्या. १८३७ मध्ये ऑस्ट्रियातल्या तिरोलमधून प्रोटेस्टंट कुटुंबांना हाकलण्यात आलं, तेव्हा त्यांना याच परिसरात वसवण्याचं काम या बाईंनी अंगावर घेतलं होतं. खुद्द राजघराण्याचा उन्हाळी वाडाही जवळच, एर्डमान्सडॉर्फला होता. त्यामुळे राजा इथला भाग ओळखून होता.

काउंटेसचं म्हणणं साधं होतं: डोंगरावरच्या वस्त्यांतल्या प्रोटेस्टंट लोकांना प्रार्थनेसाठी खाली लांबवर उतरावं लागतं, त्यांना चर्च हवं आहे, तुमच्याकडे चर्च आहे. राजाने मानलं. जमीन त्या भागातले मोठे जमीनदार काउंट शाफगॉच यांनी दिली. गंमत म्हणजे शाफगॉच घराणं कॅथलिक. २ ऑगस्ट १८४२ रोजी पायाभरणी झाली आणि २८ जुलै १८४४ रोजी राजाराणीच्या उपस्थितीत चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. काउंटेसचं स्मारक आजही चर्चच्या आवारात आहे. ती नसती तर ही इमारत बागेतलं खेळणं होऊन राहिली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरात असलेल्या इमारतीची डागडुजी होत राहते. शोभेच्या इमारतीची होईलच असं नाही.

७. रेल्वे, ट्रक, क्रेन काही नसताना एवढी इमारत नेली कशी?

स्टेव्ह चर्च मुळातच सुट्या भागांचं असतं (प्रश्न २). ज्या क्रमाने बसवलं त्याच्या उलट क्रमाने उकललं की खांब, तुळया, फळ्या वेगळ्या होतात. दगडविटांच्या इमारतीत चुना फोडावा लागतो, इथे खुंट्या ठोकून बाहेर काढायच्या.

खरं कौशल्य उतरवण्याआधीच्या मोजणीत होतं. डाल यांनी आपला विद्यार्थी फ्रान्झ विल्हेल्म शिर्ट्स याला व्हांगला पाठवलं. त्याने मोजमापं घेतली, आराखडे काढले आणि सुटं करण्याच्या कामावर देखरेख केली. (हा शिर्ट्स पुढे नॉर्वेतच स्थायिक झाला.) मग लाकडं फिलेफ्येलच्या डोंगरपठारावरून पश्चिमेला फियोर्डच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) काठापर्यंत, तिथून जहाजाने बाल्टिकवरच्या श्टेटिन बंदरात, आणि पुढे नदीमार्गाने बर्लिनला. दुसरा टप्पा बर्लिनहून सायलेशियाचा: ओडर नदीतून नावेने आणि शेवटी घोडागाड्यांवरून डोंगर चढून.

८. मग आज दिसतं त्यातलं खरंखुरं मध्ययुगीन किती? गाइड म्हणतात सगळं, काही लेखक म्हणतात जवळजवळ काहीच नाही.

दोघेही ताणतात. कोरीव दारांच्या चौकटी, काही खांब आणि काही कोरीव तुकडे नॉर्वेतून आलेले, मध्ययुगीन आहेत. बाकी बरंचसं १८४२ ते १८४४ मधलं नवं काम आहे.

याची कारणं दोन. एक तर व्हांगला उतरवलं तेव्हाच बरंच लाकूड कुजलेलं होतं आणि शतकानुशतकांच्या फेरफारांत मूळ भाग बदललेले होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बांधणाऱ्यांना १८४१ मध्ये व्हांगला जसं दिसत होतं तसं चर्च नकोच होतं. त्यांना "मूळचं" स्टेव्ह चर्च हवं होतं, आणि ते कसं असेल हे त्यांनी आराखडे, इतर चर्चची उदाहरणं आणि स्वतःची कल्पना यांतून ठरवलं. तो काळच तसा. युरोपभर जुन्या इमारतींना त्या कधीही नव्हत्या इतकं "मध्ययुगीन" रूप दिलं जात होतं. त्यामुळे बाहेरून दिसणारी आकृती, छपरांची उतरंड, टोकांवरचे ड्रॅगन हे बघताना आपण बाराव्या शतकापेक्षा एकोणिसाव्या शतकाची बाराव्याबद्दलची कल्पना बघत असतो. उजेडाचंही तसंच. जुन्या स्टेव्ह चर्चमध्ये भिंतीत अगदी वर लहान गोल भोकं असत आणि आत जवळजवळ काळोख. खिडक्यांचा भरपूर उजेड ही नंतरची सोय आहे.

मग चर्च "वाचलं" म्हणायचं का? माझं उत्तर: कोरीवकाम वाचलं, इमारत बदलली. हलवलं नसतं तर दोन्ही गेलं असतं, कारण लाकूड विक्रीला निघालं होतंच. पण म्हणून सगळंच आठशे वर्षांचं म्हणून दाखवणं बरोबर नाही. आत गेल्यावर प्रत्येक खांबाला हात लावून "आठशे वर्षं!" म्हणणाऱ्यांनी थोडा धीर धरावा आणि आधी दारापाशी थांबावं.

९. दारापाशी काय बघायचं?

मला विचाराल तर सगळ्या भेटीतला अर्धा वेळ इथेच द्या. बहुतेक गट तिकीट काढून थेट आत शिरतात आणि जे निःसंशय जुनं आहे तेच ओलांडून जातात.

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या रुंद फळ्यांवर खालपासून नजर वर न्या. खाली वेली सुरू होतात, देठ एकमेकांत गुंततात, सुटतात, पुन्हा वळसा घेतात. वर जाता जाता त्यांतून पंखवाले लांबट प्राणी निघतात आणि शेवटी दाराच्या वर तीन ड्रॅगन भिडतात: मधला डोकं खाली करून, बाजूचे दोघे त्याच्यावर तुटून पडलेले. दाराला लागून अर्धगोल खांब आणि त्यांच्या माथ्यावर सिंह. सिंह कधी न पाहिलेल्या सुताराने कोरलेले सिंह आहेत, त्यामुळे चेहऱ्यांकडे जरूर बघा. दाराची ही तऱ्हा सोग्न आणि व्हाल्द्रेस या दोन भागांत इतकी आढळते की अभ्यासक तिला त्याच नावाने ओळखतात.

कोरीवकाम उठावदार आहे, नुसतं रेघांचं नाही. बाजूने उन्हाची तिरीप पडली की देठ कोणता वरून गेला आणि कोणता खालून, हे स्पष्ट दिसतं. ढगाळ हवेत मोबाइलचा फ्लॅश मारून काही हाती लागत नाही.

रूनिक लिपीतला, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या कोरीव लिपीतला, एक मजकूरही या चर्चमध्ये आहे. आइंद्रिदी नावाच्या, ओलाव्हच्या मुलाने हे कोरलं, असा त्याचा आशय, आणि त्यात आइंद्रिदीची ओळख "सडपातळ बोटांचा" अशी दिली आहे. मध्ययुगातल्या कारागिराचं नाव उरणं दुर्मीळच, इथे तर त्याच्या बोटांचीही नोंद आहे.

१०. सबंध चर्चमध्ये एकही खिळा नाही, हे खरं का?

बांधणीच्या पद्धतीपुरतं खरं. सांगाड्याचे सांधे खाचा आणि लाकडी खुंट्यांनीच जुळवायची ही पद्धत आहे. त्यात शहाणपणही होतं: थंडीत आणि उन्हाळ्यात लाकूड आकसतं-फुगतं तेव्हा खुंटीही बरोबरीने हलते, लोखंड गंजून भोवतालचं लाकूड खराब करतं. पण "एकही नाही" हे पर्यटनाच्या पत्रकातलं वाक्य आहे. स्टेव्ह चर्चच्या दारांना लोखंडी बिजागऱ्या आणि कड्या मध्ययुगातही असत, आणि एकोणिसाव्या शतकापासूनच्या दुरुस्त्यांची हमी कोण देणार?

११. लाकडी चर्चशेजारी तो दगडी मनोरा विजोड वाटतो. तोही नॉर्वेतून आणला का?

नाही, तो प्रशियन काळातला, स्थानिक दगडाचा. घंटा त्यात आहे. श्न्येश्का या १६०३ मीटर उंच शिखरावरून येणारा वारा अडवणं हेही त्याचं काम असल्याचं सांगतात. विजोड वाटतो हे मान्य. फोटो काढणारे सगळे तो वगळायची धडपड करतात.

१२. "पोलंडमधलं सर्वांत जुनं लाकडी चर्च" हा दावा बरोबर आहे का?

लाकडाचं वय धरलं तर दावा करता येतो. पोलंडच्या भूमीवर उभं असण्याचा काळ धरला तर अजिबात नाही, कारण इथे ते १८४४ पासूनचं. पोलंडच्या आग्नेय भागात हाचूव्ह आणि देंब्नो इथली पंधराव्या शतकातली ओंडक्यांची चर्च आपल्या जागी उभी आहेत आणि २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बांधणीतला फरक प्रश्न २ मध्ये आहे.

अनेकांचा आणखी एक गोंधळ होतो. सायलेशियातच श्विदनित्सा आणि यावोर इथे "शांती-चर्च" आहेत. तीही लाकडी, तीही प्रोटेस्टंट, तीही जागतिक वारसा (२००१). पण ती सतराव्या शतकातली, त्याच ठिकाणी बांधलेली. १६४८ च्या वेस्टफालिया तहानंतर कॅथलिक सम्राटाने प्रोटेस्टंटांना परवानगी दिली ती अडवून अडवून: तटबंदीबाहेर बांधा, लाकूड-मातीच वापरा, मनोरा नको, एका वर्षात संपवा. एकाच सहलीत दोन्ही बघता येतात, फक्त मिसळू नका.

१३. नॉर्वेने आपली वास्तू परदेशी जाऊ कशी दिली?

त्या वेळी रोखणारं कोणी नव्हतं. जुन्या वास्तूंना संरक्षण देणारा कायदा नव्हता. देश गरीब होता आणि १८१४ पासून स्वीडनच्या राजाखाली होता. स्वतःचं संविधान होतं, पण "आमचा वारसा" ही जाणीव मुळं धरत होती, एवढंच.

व्हांगचं चर्च जाण्याने ती जाणीव पक्की व्हायला मदत झाली. १८४४ मध्ये, म्हणजे चर्च सायलेशियात उघडलं त्याच वर्षी, नॉर्वेत प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी फोर्टिड्समिनेफोरेनिंगेन ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या उभारणीत डाल यांचा मोठा हात होता. या संस्थेने पुढे १८७७ मध्ये बोर्गुंडचं आणि १८८१ मध्ये उर्नेसचं चर्च ताब्यात घेतलं. आज स्टेव्ह चर्च म्हटल्यावर ज्यांचे फोटो दिसतात ती हीच दोन. ती आपापल्या जागी उभी आहेत यात व्हांगच्या जाण्याचा वाटा आहे.

१४. आम्ही ऑस्लोच्या सहलीत एक स्टेव्ह चर्च पाहिलं. तेच का हे?

ते गोलचं. मराठी सहल कंपन्यांच्या स्कँडिनेव्हियाच्या कार्यक्रमात ऑस्लो असतंच, त्यामुळे हा प्रश्न फार येतो. हालिंगदाल खोऱ्यातल्या गोल गावात नवं चर्च झाल्यावर जुनं पाडलं जाणार होतं. वर सांगितलेल्या संस्थेने ते घेतलं, राजा दुसरा ऑस्कर याने खर्च उचलला आणि १८८० च्या दशकात ते ऑस्लोजवळच्या बिग्दोय इथे उभं राहिलं. आज ते नॉर्वेजियन लोकसंग्रहालयाच्या आवारात आहे. तिथेही बाहेरचं रूप बरंचसं बोर्गुंडवरून घेतलेलं, म्हणजे प्रश्न ८ मधली सगळी चर्चा गोललाही लागू पडते.

हलवलेली आणखीही आहेत. गार्मोचं चर्च १८८० मध्ये मोडून तुकड्या-तुकड्यांनी विकलं गेलं होतं. ते तुकडे गोळा करून लिलेहामरच्या माइहाउगेन संग्रहालयात १९२० च्या सुमारास पुन्हा उभारलं. हाल्तदालेनचं त्रोन्धाइमला गेलं. आणि फान्तोफ्त: फोर्तुन गावातलं चर्च १८८३ मध्ये बर्गनजवळ आणलं, १०९ वर्षं तिथे राहिलं आणि ६ जून १९९२ रोजी कोणीतरी लावलेल्या आगीत खाक झालं. आज तिथे दिसतं ती त्यानंतर उभारलेली प्रतिकृती.

१५. जर्मनीत आणि अमेरिकेतही स्टेव्ह चर्च आहेत असं ऐकलं. तीही नॉर्वेतूनच नेलेली का?

ती प्रतिकृती किंवा प्रेरणेवरून बांधलेली. जर्मनीतल्या हार्त्स पर्वतात हानेनक्ले इथलं चर्च १९०८ मध्ये पूर्ण झालं, अमेरिकेत साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचं १९६९ मध्ये. दोन्हींसमोर बोर्गुंडचा नमुना होता. लाकूड जुनं नाही आणि तसा दावाही कोणी करत नाही. नॉर्वेतून उचलून दुसऱ्या देशात नेलेलं मध्ययुगीन स्टेव्ह चर्च म्हणजे व्हांगचं.

१६. हलवलेली वास्तू जागतिक वारसा होऊ शकते का? व्हांग यादीत का नाही?

सरसकट बंदी नाही. इजिप्तमधलं अबू सिंबेल आस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी १९६० च्या दशकात कापून वर उचललं आणि १९७९ मध्ये ते यादीत आलं. उर्नेसचं स्टेव्ह चर्चही त्याच वर्षी आलं, पण ते आपल्या जागी आहे.

तत्त्व म्हणून मात्र तज्ज्ञांचा कल स्थलांतराच्या विरुद्ध असतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे वास्तुजतनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, म्हटलं आहे की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी करता येत नाही. तिच्या रक्षणासाठी दुसरा उपायच नसेल तर गोष्ट वेगळी. व्हांगच्या बाबतीत जागा तर बदललीच, शिवाय बराच भाग नव्याने घडवला. उर्नेस आपल्या जागी आणि बऱ्याच मूळ लाकडासह उभं असताना स्टेव्ह चर्चचा नमुना म्हणून व्हांगची बाजू लंगडी पडते.

१७. आपल्याकडे असं कुठलं देऊळ हलवलं आहे का?

आहे. गोव्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावचं महादेवाचं देऊळ. साळावली धरणाच्या पाण्याखाली गाव जाणार म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते दगड दगड सुटा करून धरणाजवळच्या नव्या जागी पुन्हा रचलं. तिथे दगड होते तेच परत लागले, त्यामुळे प्रश्न ८ सारखा वाद फारसा उरत नाही. दोन्ही पाहिलेल्यांनी तुलना करायला हरकत नाही, पण लाकूड कुजतं आणि दगड कुजत नाही हे लक्षात ठेवून.

१८. चर्च चालू आहे की संग्रहालय? आत जाता येतं का?

चालू आहे. पोलंडच्या ल्यूथरन पंथाच्या मंडळाकडे ते आहे. प्रार्थना, लग्नं होतात. इतर वेळी तिकीट काढून आत जाता येतं. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटक म्हणून घुसू नका. गावातून वर येण्याचा चढ चांगलाच दमवतो, ज्येष्ठांसाठी गाडी करा. श्न्येश्काकडे जाणारी पायवाट इथूनच निघते, त्यामुळे सुट्टीत पाठीवर पिशव्या घेतलेल्या लोकांची गर्दी असते.

शेजारची दफनभूमी चुकवू नका. पोलंडचे मोठे कवी तादेउश रुझेविच २०१४ मध्ये गेले, त्यांना इथे पुरलं आहे. मूकनाट्याचे दिग्दर्शक हेन्रिक तोमाशेव्स्की यांची कबरही इथेच आहे.

१९. १९४५ नंतर जर्मन लोक गेले, तेव्हा चर्चचं काय झालं?

दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया पोलंडकडे आला आणि इथल्या बहुतेक जर्मन रहिवाशांना गाव सोडावं लागलं. नव्याने वसलेले लोक प्रामुख्याने कॅथलिक. त्यामुळे प्रांतातली पुष्कळ प्रोटेस्टंट चर्च ओस पडली किंवा कॅथलिकांकडे गेली. व्हांग मात्र प्रोटेस्टंटच राहिलं.

हिशेब मांडला तर या इमारतीने जागा एकदा बदलली आणि पंथही एकदाच: १५३७ च्या सुमारास, धर्मसुधारणेबरोबर, नॉर्वेत असतानाच ती कॅथलिकची ल्यूथरन झाली. राज्यकर्त्यांची यादी मात्र लांब आहे. नॉर्वेचे राजे, डेन्मार्कचे, स्वीडनचे, मग प्रशिया, जर्मनी, पोलंड. "हे कोणाचं चर्च?" असं विचारणाऱ्यांना मी ही यादीच पाठवतो.

२०. नॉर्वेतल्या मूळ व्हांग गावात आज काय आहे? तिथे जाण्यात अर्थ आहे का?

ऑस्लोहून बर्गनकडे रस्त्याने निघाला असाल तर जरूर थांबा. गाव व्हांग्समियोसा तलावाकाठी आहे. ज्याच्यासाठी जुनं चर्च काढलं ते एकोणिसाव्या शतकातलं चर्च तिथे आहे आणि त्याच्याजवळ व्हांगची उंच रूनशिळा उभी आहे. ती स्टेव्ह चर्चपेक्षाही जुनी, साधारण अकराव्या शतकातली. वरच्या भागात गुंतलेल्या पट्ट्या, त्यांच्या डोक्यावर एक सिंहासारखा प्राणी, आणि कडेला मजकूर: गोसाच्या मुलांनी हा दगड आपल्या पुतण्यासाठी, गुन्नारसाठी उभारला. कार्पाचचे दरवाजे आधी पाहिलेले असतील तर या पट्ट्यांची वळणं ओळखीची वाटतील. डाल यांनी चर्च विकत घेतलं, दगड गावातच राहिला.